एका साक्षीदाराच्या जबानीवरून

तोताची मुलगी वेला, वेलाची मुलगी रादका आणि रादकाची मुलगी इस्क्रा. डॅन्यूबच्या आमच्या काठावर या चौघींच्या हातांतून किती मुले जगात आली याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही, आणि ठेवली असती तरी त्या चौघींनी ती कोणाला वाचू दिली नसती. तोता खेड्यातली सुईण. मेंढ्या कातरायच्या कात्रीने ती नाळ कापी, पण कात्री आधी खळखळत्या पाण्यातून काढून घेई. हे तिला कोणी शिकवले होते असे नाही. वेलाने सोफियाला जाऊन दोन वर्षे शिक्षण घेतले आणि परत येताना पांढरी टोपी आणली. ती टोपी ती चर्चमध्येसुद्धा काढत नसे. रादका रुसे शहराच्या प्रसूतिगृहात मुख्य दाई झाली. ती जिना उतरू लागली की शिकाऊ डॉक्टर भिंतीला चिकटून उभे राहत. इस्क्रा त्या घरातली पहिली डॉक्टर. चौघींचे स्वभाव चार दिशांचे, पण एक नियम चौघींनीही पाळला. बाळंतिणीच्या खोलीत जे ऐकले, जे पाहिले, ते उंबऱ्याबाहेर न्यायचे नाही. नवऱ्याला सांगायचे नाही, पाद्र्याला नाही, सरकारलाही नाही. अशा घरातल्या, त्रेसष्ट वर्षांच्या, एकोणचाळीस वर्षे डॉक्टरकी केलेल्या बाईला जानेवारीतल्या एका सोमवारी औषधाच्या दुकानातली मुलगी हळू आवाजात म्हणाली, "डॉक्टरीणबाई, यंत्र तुमचा नंबर घेत नाहीये."

मुलीचे नाव बिलियाना. सत्तावीस वर्षांपूर्वी इस्क्रानेच तिला चिमटा लावून ओढून बाहेर काढले होते आणि डाव्या कानामागे त्याची बारीक खूण अजून होती. केस मागे बांधले की ती दिसे. इस्क्राची नजर त्या खुणेवर खिळली, कारण दुसरीकडे कुठे बघावे ते तिला समजेना. रक्तदाबाच्या गोळ्या तिने स्वतःच स्वतःला लिहून दिल्या होत्या, गेली अकरा वर्षे ती लिहीत आली होती तशाच. वैद्यकीय मंडळाने डॉक्टरांच्या नोंदवहीतून आपले नाव दोन वर्षांसाठी कमी केले आहे, हे तिला नऊ डिसेंबरपासून ठाऊक होते. पत्र तिने वाचले होते, घडी घालून ठेवले होते. मग ती तो नंबर घेऊन इथे कशाला आली? खरे आहे का ते पाहायला, असे उत्तर तिच्या मनाने दिले, आणि ते उत्तर तिला मुळीच आवडले नाही. बिलियानाने यंत्राचा पडदा किंचित आपल्याकडे वळवून घेतला. मग म्हणाली की एक पाकीट मी तसेच देते, कागदाचे मागाहून बघू. हे बोलणे फार पटकन आले. त्यात आश्चर्य नव्हते, अडखळणे नव्हते; जणू ही वेळ येणार हे तिला आधीच ठाऊक होते आणि पाकीट काढून ठेवलेले होते. हिला कोणी सांगितले? मागे उभा असलेला माणूस खोकला. तो खरोखरचा खोकला होता की नाही, याचा विचार इस्क्राने रस्त्यावर आल्यावरही केला. चाळीस वर्षे माणसांचे खोकले ऐकलेल्या बाईला असल्या गोष्टी कळतात. गोळ्या तिने घेतल्या नाहीत.

धुके नदीवरून वर चढून आले होते आणि रस्त्यातल्या लिंडनच्या झाडांचे फक्त बुंधे दिसत होते. इमारतीच्या दारावर नेहमीप्रमाणे निधनाची पत्रके चिकटवलेली होती. दुसऱ्या मजल्यावरच्या सुताराला जाऊन चाळीस दिवस झाले होते, त्याचे ताजे पत्रक; त्याच्या बाजूला एका म्हातारीचे सहा महिन्यांचे; आणि खाली, पावसाने धुऊन निळसर झालेला, एक वर्षापूर्वी गेलेल्या कोणा मास्तरांचा चेहरा. इस्क्रा दारापाशी थांबली आणि तिच्या लक्षात आले की आपण ती वाचत नाही, शोधत आहोत. या सहा आठवड्यांत ती रोज हेच करत आली होती: त्या कागदांमध्ये आपले नाव आहे का ते पाहत होती. मेलेल्याचे बरे असते. चाळीस दिवसांनी, सहा महिन्यांनी, वर्षाने लोक त्याचे नाव पुन्हा छापतात, छायाचित्र लावतात, 'विसरलेलो नाही' असे खाली लिहितात. ज्याचे नाव जिवंतपणी वहीतून काढले, त्याचा कागद कोणत्या दारावर लावायचा? तळमजल्यावरच्या खिडकीचा पडदा हलला. तिथे फोत्का नावाची विधवा राहते. पडदा हलवणे हे तिचे कामच आहे, आणि गेली पंचवीस वर्षे इस्क्राने त्या पडद्याकडे कधी ढुंकूनही पाहिले नव्हते. आज ती त्या फटीकडे रोखून पाहत राहिली, पडदा पडेपर्यंत.

सकाळी सहाला उठायची सवय हाताला लागलेली होती, मनाला नव्हे. इस्क्रा अजून सहाला उठे, न्हाणीघरात जाऊन ब्रशाने कोपरापर्यंत हात घासे, नखांच्या कडा, बोटांच्या बेचक्या, सगळे पद्धतशीर. आणि मग ते दोन ओले, लाल, निर्जंतुक हात समोर धरून ती उभी राही आणि त्यांचे काय करायचे ते तिला सुचत नसे. मग त्या हातांनी ती कॉफी करी. पिशवीत अजून तिचा शिक्का होता, रबरी, अंगठ्याच्या पेराएवढा, तिचे नाव आणि नंबर कोरलेला. तो परत करायला कोणी सांगितले नव्हते. तिला हेही संशयास्पद वाटे. मंडळाने शिक्का मागितला नाही म्हणजे त्यांना तो मोडकळीला आलेला, निरुपयोगी वाटला असावा. किंवा ती तो वापरते का ते पाहायला ठेवला असावा. फोन वाजला की ती अजूनही 'प्रसूती विभाग' असेच म्हणे, आणि पलीकडचे माणूस क्षणभर गप्प होई. त्या क्षणभराच्या गप्पपणाची तिने प्रतवारी लावली होती. कोणाचा अवघडलेला, कोणाचा कीव करणारा, कोणाचा आनंदी. विभागातली तीस वर्षांची सहकारी झ्द्राव्का, तिचे फोन तर तिने घेतलेच नव्हते. झ्द्राव्काचा फोन चौथ्या घंटेला बंद होई, दरवेळी, चौथ्यालाच. ज्याचे मन निर्मळ आहे तो माणूस फोन शेवटपर्यंत वाजू देतो, असे इस्क्राने ठरवून टाकले होते.

पत्रातले बाकीचे शब्द तिला पाठ नव्हते, पण एक ओळ तिच्या जिवाला कुरतडत होती. १९९१ सालच्या प्रसूती नोंदवहीतले पान क्रमांक दोनशे चौदा डॉ. इस्क्रा पेन्चेवा यांनी फाडून नष्ट केल्याचे, उपलब्ध कागदपत्रांवरून आणि एका साक्षीदाराच्या जबानीवरून सिद्ध झाले आहे. कागदपत्रे कोणतीच नव्हती. तेवढी काळजी तिने घेतली होती. उरला साक्षीदार. सुनावणीला ती गेली असती तर साक्षीदार कोण ते तिथेच कळले असते. पण ती गेली नाही. मंडळावर तिघे बसणार होते, त्यांतल्या एकाला कात्री कशी धरायची ते तिने शिकवले होते, आणि त्याच्यासमोर उभे राहून 'होय, मी पान फाडले' किंवा 'नाही, मी फाडले नाही' असे म्हणणे तिच्या जिभेला जमणारे नव्हते. रादकाची मुलगी कोणाला जबाब देत नाही. तेव्हा आता तिला फक्त तर्क करत बसायचे होते, आणि तर्काला तळघरापलीकडे जायची गरजच नव्हती. रुग्णालयाच्या तळघरात जुन्या वह्या आहेत. गेल्या सप्टेंबरात एका दुपारी इस्क्रा तिथे गेली तेव्हा किल्ल्यांचा जुडगा मुख्य दाईकडे होता, आणि मुख्य दाई म्हणजे झ्द्राव्का. झ्द्राव्का दाराशी उभी होती. आत दिवा लुकलुकत होता, जुन्या कागदांना ओलसर, उंदरांचा वास येत होता. पान ज्या आवाजाने निघाले तो आवाज इस्क्राच्या कानांत अजून आहे. कापड फाटावे तसा, लांब, अनपेक्षितपणे मऊ. बाहेर आल्यावर झ्द्राव्काने काही विचारले नाही. त्या वेळी इस्क्राला तो समंजसपणा वाटला होता. आता त्याच गप्पपणाची ती दुसरी बाजू पाहत होती, आणि त्याबरोबर तीस वर्षांचे सगळे उलटे दिसू लागले होते. मुख्य दाईच्या जागेसाठी इस्क्राने आधी दुसरीचे नाव सुचवले होते, ते झ्द्राव्काला कळले असेल का? एकदा बाळाच्या डोक्याची स्थिती ओळखण्यात झ्द्राव्का चुकली आणि इस्क्रा तिला सर्वांसमोर बोलली. ती तेव्हा हसली होती. इतकी सहज हसली होती की आज ते हसणे इस्क्राला विकत आणलेले वाटत होते.

पान कशासाठी फाडले, हे कोणाला सांगायची वेळ आली असती तर सांगायला सोपे होते, पण सांगायचे नव्हते. स्तेफ्का मिनेवा पियानो शिकवायची. चार वेळा तिचे मूल इस्क्राच्या डोळ्यांदेखत गळून गेले होते, आणि चौथ्यानंतर नवरा म्हणाला की दत्तक घेऊ. आमच्याकडे दत्तक मूल घेणारी बाई तेव्हा उघड घेत नसे. आपलीच कूस फळली आहे असे गल्लीला, सासूला, शाळेतल्या बायकांना दिसले पाहिजे, नाहीतर ते मूल जन्मभर कुजबुज ऐकत वाढते. म्हणून स्तेफ्काच्या आईने तीन उशा शिवल्या, चौथ्या महिन्याची, सहाव्याची, आठव्याची, लोकर भरलेल्या, कमरेला नाड्यांनी बांधायच्या. इस्क्राने तिला गरोदरपणाचे कार्ड दिले. दर महिन्याला स्तेफ्का तपासायला येई, पलंगावर आडवी होई, आणि इस्क्रा गंभीर चेहऱ्याने फितीने त्या उशीचा घेर मोजून कार्डावर लिही. मोजल्याशिवाय लिहायचे नाही ही तिची शिस्त तिने उशीलाही लावली होती. सातव्या महिन्यापासून स्तेफ्काला खरोखर मळमळू लागले. ती पाठ मागे टेकवून, कमरेवर हात ठेवून चाले, आणि उशी काढली तरी तशीच चाले. फेब्रुवारीत इस्क्राने तिला विभागात भरती केले, वेगळ्या खोलीत, आणि चार दिवसांनी ती बाळ घेऊन घरी गेली. दत्तकाचे कागद न्यायालयात रीतसर झाले होते. खोटे होते ते फक्त पोट. गेल्या सप्टेंबरात रुग्णालयाच्या संचालकांनी एक अर्ज पाठवला: बारा फेब्रुवारी १९९१ रोजी जन्मलेल्या एका बाईला आपल्या जन्माची नोंद पाहायची आहे. इस्क्राने त्या अर्जावरची जन्मतारीख वाचली आणि तळघरात गेली. ते पान तिने घरी आणून भांडी धुवायच्या मोरीत जाळले आणि राख पाण्याने खाली सोडली. स्तेफ्काचे घर तिने वाचवले होते. या एका गोष्टीवर ती सहा आठवडे उभी होती. बाकी सगळे पायाखालून गेले तरी.

त्या सोमवारच्या दुसऱ्या दिवशी, एकवीस जानेवारीला, सुईणींचा दिवस होता. या दिवशी मूल झालेल्या बायका आपल्या सुईणीकडे जातात, तिच्या हातांवर पाणी घालतात, साबण लावून ते हात धुतात आणि कोरा टॉवेल पुढे करतात. खेड्यात पूर्वी त्यानंतर दिवसभर वाईन आणि नाच चाले, शहरात आता कॉफी आणि केक चालतो. इस्क्रा डॉक्टर होती तरी बायका तिच्याकडे येत. कधी तीस, कधी चाळीस. सकाळी तिने दार किलकिले करून जिना ऐकला आणि दार लावून घेतले. कोणी आले नाही तर ती गोष्ट गावभर होईल. कोणी आले तर ते कशाला आले हे पाहावे लागेल. कोणते वाईट, याचा निकाल लागण्याआधीच घंटी वाजली.

दारात झ्द्राव्का होती. एकसष्ट वर्षांची, ठेंगणी, हातातल्या पिशवीतून टॉवेलचे टोक बाहेर आलेले. तिचे दोन्ही मुलगे इस्क्राच्या हातचे. दरवर्षी ती पहिली येई.

"पाणी तापत ठेव," ती म्हणाली. "दरवर्षी मीच सांगायचं का?"

इस्क्रा दारातून हलली नाही. "हात धुवायला आलीस, की हात बघायला?"

"तुझे हात चाळीस वर्षं बघतेय. त्यात आता काय नवीन उगवलंय?"

"तळघरात आपण दोघीच होतो, झ्द्राव्का."

झ्द्राव्काला हे समजायला वेळ लागला. तिच्या चेहऱ्यावर आधी प्रश्न आला, मग तो हळूहळू निघून गेला. इस्क्रा ते डोळ्यांत तेल घालून पाहत होती. नवशिका डॉक्टर जसा पहिल्यांदा नाडी पाहतो तशी, काही निसटू नये म्हणून.

"म्हणून तू फोन उचलत नव्हतीस," झ्द्राव्का म्हणाली. "मी म्हटलं, दुःखात आहे, चार घंट्या वाजवाव्या आणि ठेवून द्यावा, त्रास नको. बरं. त्यांनी मला बोलावलं होतं. काय सांगितलं ऐकायचंय? सांगितलं, किल्ल्या माझ्याकडे होत्या, पण आत कोण गेलं ते आठवत नाही, आता वय झालं, सकाळी काय खाल्लं तेही ध्यानात राहत नाही. त्या पोरांसमोर स्वतःला चळलेली म्हातारी म्हणवून घेतलं मी. हसले ते."

"असं तू म्हणतेस."

"हो बाई, असं मी म्हणते. तुझ्या आईच्या हाताखाली शिकले मी. रादकाबाई शिव्या द्यायच्या, पण तोंडावर. तू मनातल्या मनात खटला चालवतेस, मनातच शिक्षा देतेस, आणि आरोपीला तारीखसुद्धा कळवत नाहीस. त्या मंडळानं तुला निदान पत्र तरी पाठवलं."

तिने पिशवी जोड्यांच्या फळीवर ठेवली आणि ती जिना उतरू लागली. तिचा डावा गुडघा दुखत होता. प्रत्येक पायरीवर ती थांबे. इस्क्राने ते थांबणे मोजले. नाटक करणारे माणूस इतके सारखे थांबत नाही, असे एक मन म्हणाले. सराव असला तर थांबते, असे दुसरे म्हणाले. या दुसऱ्या मनाचा तिला प्रथमच वीट आला. पण तिने हाक मारली नाही.

तासाभराने पुन्हा घंटी वाजली. दारातल्या भिंगातून पाहिले तर एक अनोळखी बाई, तिशी ओलांडलेली, जाड काळ्या भुवयांची, कोटाच्या खिशात हात घातलेली. तिच्या हातात काही नव्हते. आजच्या दिवशी रिकाम्या हाताने कोणी येत नाही. म्हणजे वार्ताहर, किंवा मंडळाचा माणूस, किंवा शिक्का मागायला. इस्क्राने दाराची साखळी न काढता दार उघडले.

"मी योआना. स्तेफ्का मिनेवांची मुलगी," बाई म्हणाली. "खाली बाकावर एक मावशी बसल्यात, त्यांनी मजला सांगितला."

इस्क्राने तो चेहरा चौथ्या दिवसानंतर पाहिला नव्हता. मिनेव कुटुंब शहराच्या दुसऱ्या टोकाच्या वस्तीत राहायला गेले होते. स्तेफ्काशी वर्षातून दोनदा फोन होई. या क्षणी काय बोलायचे ते तिच्याकडे चौतीस वर्षे तयार होते आणि ते तिने बोलून टाकले: स्तेफ्का कशी आहे, तुझ्या वेळी तिला फार त्रास झाला होता, दोन दिवस कळा.

"आई नोव्हेंबरात गेली," योआना म्हणाली. "आणि तिला कळा आल्या नव्हत्या. तिनं मला मार्चमध्येच सगळं सांगितलं. उशी दाखवली. तीनातली एक ठेवली होती तिनं, आठव्या महिन्याची. आता साखळी काढता का?"

स्वयंपाकघरात योआना खुर्चीच्या कडेवर बसली आणि जे होते ते सांगत गेली. आईला आजार कळल्यावर तिला राहवेना. मुलीने आपल्या जन्मदात्रीला शोधावे ही इच्छा तिचीच होती. अर्ज तिनेच लिहायला लावला. न्यायालयातल्या कागदावर जन्मदात्रीचे नाव नादेझ्दा इलिएवा असे होते, पण त्या नावाची, त्या वयाची, त्या गावची बाई कुठे नोंदलेलीच नव्हती; जणू ती बाई फक्त त्या एका कागदापुरतीच जन्मली होती. तेव्हा उरली रुग्णालयाची वही. आणि तिथून उत्तर आले की त्या वहीत ते पान नाही.

"मी घरी येऊन सांगितलं. आई म्हणाली, पान इस्क्रानं फाडलंय, मला तिनंच फोन करून सांगितलं. मंडळाला पत्र आईनं लिहिलं, मी पोस्टात टाकलं. ऑक्टोबरात त्यांचा माणूस घरी येऊन तिची जबानी घेऊन गेला, ती उठू शकत नव्हती."

इस्क्राला तो फोन आठवला. पान जाळल्यावर, मोरी धुतल्यावर, हात पुसून तिने स्तेफ्काला फोन केला होता आणि म्हणाली होती: पान आता नाही, निवांत झोप. स्तेफ्का बराच वेळ काही बोलली नव्हती. मग म्हणाली होती, बरं. इतके आठवडे तिने गावातल्या प्रत्येकाचे गप्प राहणे पारखले होते, आणि हा एक गप्पपणा कृतज्ञतेचा म्हणून बाजूला ठेवून दिला होता. जिला आपण वाचवले तिला साक्षीदारांत धरायचे कोणाला सुचणार? घर वाचवले, म्हणून ती उभी होती. आणि त्या घरातली माणसे सगळे जाणून, मार्चपासून, उशी टेबलावर ठेवून तिची वाट पाहत होती.

"तुमचं वाईट व्हावं म्हणून नाही केलं तिनं," योआना म्हणाली. "तिला वाटलं, मंडळानं विचारलं की तुम्ही नाव सांगाल. त्यांनी बोलावलं. तुम्ही गेलाच नाहीत."

"तुला माझा राग आहे?"

"आहे."

इस्क्राला हे उत्तर बरे वाटले. सहा आठवड्यांत तिला मिळालेले हे पहिले उत्तर, ज्याच्या मागे काही दडलेले शोधावे लागत नव्हते. ती उठून खिडकीपाशी गेली. धुक्यात बाकावर झ्द्राव्काचा लाल रुमाल दिसत होता. काचेवर तिने बोटाने टकटक केली, पण तेवढा आवाज खाली जाणार नव्हता, आणि झ्द्राव्काने वर पाहिले नाही. तिच्याकडे जावे लागणार होते, गुडघे टेकावे लागले तरी. पण आधी ही.

"बस नीट," ती म्हणाली, आणि तिचा आवाज पुन्हा विभागातला झाला, ज्याला कोणी उलट बोलत नसे. "विजेची कपात चालू होती तेव्हा, दोन तास असायची, दोन तास जायची. दुपारचे चार वाजले होते आणि वीज नव्हती. रॉकेलचा कंदील विभागातल्या एका बाईनं धरला होता. तुझी आई एकोणीस वर्षांची होती. शिवणाच्या कारखान्यात काम करायची. ओरडली नाही. तुझा बाप सैन्यात होता, आणि दोन्ही घरांनी हात झटकले होते. तिच्या ओळखपत्रावर नादेझ्दा लिहिलेलं होतं. पंच्याऐंशीच्या हिवाळ्यात त्यांच्या सगळ्या गावाची तुर्की नावं सरकारनं बदलली, तेव्हा तिलाही एक यादी दाखवली आणि म्हणाले, यातलं निवड. न्यायालयानं ओळखपत्रावरून उतरवलं. मीही तेच उतरवायला घेतलं होतं. तिनं माझं मनगट धरलं. अजून वार पडायची होती, आणि तिनं माझं मनगट धरलं."

ती थांबली. इथवर ती कधीच कोणाजवळ बोलली नव्हती, आईजवळसुद्धा नाही. घरातला नियम तिच्यापुढे आडवा येऊन उभा राहिला, तोताचा, वेलाचा, रादकाचा. पण ती खोली कोणाची होती? त्या खोलीतली दोन माणसे त्या बाळंतिणीच्या बाजूची होती, एक ती स्वतः आणि एक हे बाळ. उंबऱ्याबाहेरचे कोण? या मुलीला तिने बाहेरचे धरले, हीच ती चूक. बाकी सगळे त्यातून निघाले होते.

"म्हणाली, 'डॉक्टरीणबाई, माझं नाव नझ्मिये. नझ्मिये इस्माइलोवा. हेच लिहा. दुसरं लिहाल तर मी सही करणार नाही.' मी लिहिलं. नियमाविरुद्ध होतं, लिहिलं. म्हणून ते फक्त त्या एका पानावर होतं. मग म्हणाली, 'ही कधी विचारायला आली तर तिला हे नाव सांगाल?' मी तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हटलं, सांगेन. मग पान तूच मागितलंस, आणि मी ते जाळलं."

योआनाने खिशातून वही काढली, मग ती तशीच इस्क्रापुढे सरकवली. "तुम्ही लिहा. जसं पानावर होतं तसं."

इस्क्राचा हात सवयीने पिशवीकडे, शिक्क्याकडे गेला आणि अर्ध्यावरून परत आला. तिने लिहायला घेतले. बारा फेब्रुवारी १९९१. दुपारी चार वाजून दहा मिनिटे. मुलगी. दोन हजार नऊशे पन्नास ग्रॅम, एकोणपन्नास सेंटिमीटर. डोक्याकडून. नाळेचा एक वेढा गळ्याभोवती, सोडवला. लगेच रडली. काहीही आठवावे लागले नाही. ते सगळे हातातच होते, उतरणीवर पाणी यावे तसे आले. माता, नझ्मिये इस्माइलोवा, वय एकोणीस. गावाचे नाव. सहाव्या दिवशी घरी सोडले. मग पानावर नव्हते तेही: त्याच वसंतात आईवडिलांबरोबर तुर्कस्तानात बुर्साला गेली, चुलत्याकडे, चुलत्याचे नाव इस्क्राने लिहिले, आणि त्याचा धंदा, पडदे शिवायचा. शेवटी तिने सही केली, फक्त नावाने, नावाआधी काही न लिहिता. ते दोन शब्द तिला परक्याच्या अक्षरासारखे दिसले, आणि तरी ते तिचेच होते.

योआनाने कागद उचलला आणि नाव वाचले. तिचा उच्चार चुकला. शेवटच्या अक्षरावर जोर द्यायचा असतो. इस्क्राने तो दुरुस्त केला, त्या मुलीने कंदिलाच्या उजेडात तिला करून दाखवला होता तसाच. योआनाने पुन्हा म्हटले, हळू, आणि या वेळी बरोबर म्हटले.

"आणखी काही सांगितलं होतं तिनं?"

"नाही," इस्क्रा म्हणाली. "एवढंच मागितलं होतं. आणि तुला दिलं होतं."